स्टेंटच्या जागी वाढलेला धमनीचा फुगवटा : नागपुरातील एक प्रकरण अभ्यास

रुग्ण आणि तक्रार

रुग्ण ५२ वर्षांचे, नागपूरच्या महाल भागात राहणारे व इतवारीच्या ठोक किराणा बाजारात मुनिमाचे काम करणारे गृहस्थ आहेत. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, आणि विदर्भात हृदयरुग्णाची माहिती घेताना जो प्रश्न विसरून चालत नाही त्याचे, म्हणजे खर्ऱ्याचे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचे), उत्तर ‘दिवसाला तीन-चार पुड्या’ असे होते. नोव्हेंबरमधील एका रात्री छातीत असह्य दुखू लागल्याने त्यांना शहरातील एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले. ईसीजीवर हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा झटका दिसत होता. त्याच रात्री अँजिओप्लास्टी, म्हणजे बलूनने धमनी उघडण्याची प्रक्रिया, करून डाव्या बाजूच्या पुढील धमनीच्या, म्हणजे एलएडीच्या, मधल्या भागात ३ मिलिमीटर व्यासाचा व २८ मिलिमीटर लांबीचा औषधलेपित स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवण्यात आला. चौथ्या दिवशी ते घरी गेले आणि महिनाभराने कामावर रुजू झाले.

एप्रिलमध्ये गोदामाचा जिना चढताना त्यांना छातीत आवळल्यासारखे होऊ लागले. थांबले की दोन-तीन मिनिटांत बरे वाटे. नागपुरात एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे दम लागणे, घाम सुटणे, गळून जाणे हे सारे आधी उन्हाच्या खात्यावर मांडले गेले आणि कैरीचे पन्हे पिऊन दोन आठवडे गेले. त्रास सकाळच्या गार वेळीही होऊ लागला तेव्हा ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. तोवर अॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, टिकाग्रेलोर ९० मिलिग्रॅम दोनदा (दोन्ही गुठळी रोखणारी), स्टॅटिन आणि मेटोप्रोलोल त्यांनी एकही दिवस न चुकवता घेतले होते. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवरून याची खात्री करता आली.

ताप नव्हता, वजन घटले नव्हते, मनगटावर किंवा जांघेत सूज वा जखम नव्हती. ईसीजीत जुन्या झटक्याच्या खुणा होत्या, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) सामान्य होते आणि इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ४५ टक्के होते. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ८.४ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) १.३ आले. स्टेंट बसवल्यानंतर पाच महिन्यांनी परत आलेली अंजायना, म्हणजे श्रमाने छातीत होणारे हे आवळणे, म्हटली की पहिला विचार स्टेंटच्या आत किंवा काठाशी पुन्हा आलेल्या अरुंदपणाचा होतो. आम्हीही तोच मनात धरून अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत रंगद्रव्य सोडून घेतलेले क्ष-किरण चित्र, ठरवली आणि रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून, उन्हाळा व क्रिएटिनिन लक्षात घेऊन, आदल्या रात्रीपासून सलाइन चालू ठेवले.

अँजिओग्राफीत आणि त्यानंतर काय दिसले

अपेक्षा खरी ठरली, पण अर्धीच. स्टेंटच्या खालच्या काठापलीकडे धमनी सुमारे ८० टक्के अरुंद झाली होती आणि अंजायनाचे कारण तेच होते. मात्र स्टेंटच्या मध्यावर, एका बाजूला, रंगद्रव्याने भरणारी एक पिशवी दिसली. तिची लांबी ९ मिलिमीटर व रुंदी ७ मिलिमीटर होती आणि शेजारच्या निरोगी धमनीचा व्यास ३ मिलिमीटर. लगतच्या सामान्य भागापेक्षा दीडपटीहून अधिक रुंद झालेल्या मर्यादित भागाला अॅन्युरिझम म्हणण्याची रूढी आहे, आणि इथे ती मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. पिशवीत शिरलेले रंगद्रव्य धमनी रिकामी झाल्यावरही काही क्षण आत रेंगाळत होते. तिच्या तोंडाशीच अडीच मिलिमीटरची एक डायगोनल (एलएडीतून तिरकी निघणारी) फांदी निघत होती, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांवर या फांदीची सावली पडणार होती.

अँजिओग्राफी धमनीच्या पोकळीचे चित्र काढते, भिंतीचे नाही. पिशवीची भिंत तिन्ही थरांची आहे की बाहेरच्या एका पापुद्र्यावर सारे टिकून आहे, हे त्या चित्रातून कळत नाही. आत गुठळी साचली असेल तर पिशवी प्रत्यक्षाहून लहान दिसते. म्हणून त्याच बैठकीत धमनीच्या आतून इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाऊंड केला. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीची प्रतिमा कितीतरी अधिक रेखीव असते, पण तिचा प्रकाश भिंतीत एक-दोन मिलिमीटरपलीकडे पोचत नाही आणि एवढ्या मोठ्या पिशवीची मागची बाजू तिला दिसली नसती.

अल्ट्रासाऊंडमध्ये तीन गोष्टी नोंदवल्या गेल्या. पिशवीच्या तोंडाशी धमनीचा मधला स्नायूचा थर अचानक तुटत होता व त्यापुढे एकच पातळ रेघ उरत होती, याचा अर्थ ही भिंत खऱ्या धमनीची नव्हती आणि हा खोटा फुगवटा होता. त्या पट्ट्यात स्टेंटच्या तारा भिंतीला न टेकता प्रवाहात मोकळ्या उभ्या होत्या. तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटली: धमनीच्या अर्ध्या परिघावर कॅल्शियमचा जाड पट्टा होता आणि पिशवीचे तोंड नेमके त्या पट्ट्याच्या कडेला होते. टणक कॅल्शियम ताणले जात नाही, त्यामुळे आत फुगवलेल्या बलूनचा सारा जोर समोरच्या मऊ भिंतीवर पडतो आणि टणक व मऊ भाग जिथे मिळतात तिथे भिंत फाटते. फाटण्याची जागा समोर होती. ती केव्हा फाटली, हे मात्र एप्रिलच्या कोणत्याच तपासणीत सापडणार नव्हते.

नोव्हेंबरची सीडी

आपल्याकडे अँजिओप्लास्टीनंतर रुग्णाला फाइलसोबत एक सीडी देतात आणि ती बहुधा कपाटात पडून राहते. या रुग्णाची फाइल त्यांच्या पत्नीने शिधापत्रिकेच्या प्रतींसोबत एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. “मी तं ते फेकूनच देणार होती, जवाई म्हणले राहू द्या, कामी येईल,” असे सांगत त्यांनी ती काढून दिली. विभागातील एकाही लॅपटॉपला सीडी घालायची सोय उरलेली नव्हती. शेवटी कॅथलॅबच्या जुन्या संगणकावर ती लागली आणि ओरखड्यांमुळे दोन चित्रफिती उघडल्या नाहीत तरी बाकीच्या उघडल्या.

स्टेंटपूर्वीच्या चित्रांत एलएडी बंद होती आणि तार पार गेल्यावर जो भाग उघडा झाला तिथे कोठेही फुगवटा नव्हता. यावरून हा फुगवटा आधीपासून असल्याची शक्यता संपली, आणि बालपणी कावासाकी आजार होऊन गेलेल्यांत दिसणाऱ्या जुन्या अॅन्युरिझमचा विचारही बाजूला पडला. स्टेंट उघडल्यावर त्याच्या मध्यावर कंबरेसारखा आवळलेला भाग राहिला होता, तो कॅल्शियममुळे. फाइलमधील प्रक्रियेच्या नोंदीनुसार तो उघडण्यासाठी साडेतीन मिलिमीटरचा न ताणणारा बलून २२ अॅटमॉस्फिअर दाबाने फुगवण्यात आला. त्यानंतरच्या पहिल्या चित्रफितीत स्टेंटच्या बाहेर, ज्या बाजूला आज पिशवी आहे त्याच बाजूला, रंगद्रव्याचा एक लहानसा खळगा दिसतो. धमनीतील रंग वाहून गेल्यावरही तो चार-पाच चौकटींमध्ये तसाच राहतो. शेवटचे चित्र दुसऱ्या कोनातून घेतलेले आहे. त्यात खळगा स्टेंटच्या आड जातो आणि धमनीतला प्रवाह उत्तम दिसतो. अहवालात फक्त उत्तम प्रवाहाची नोंद आहे.

धमनीला पडलेल्या छिद्रांची जी श्रेणी एलिस व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली, तिच्यात हा खळगा पहिल्या प्रकारात बसतो: धमनीच्या पोकळीबाहेर खळगा आहे, पण रंगद्रव्य बाहेर झिरपत नाही. त्यांनी अकरा केंद्रांतील १२,९०० प्रक्रिया तपासल्या होत्या व त्यांत ६२ वेळा, म्हणजे सुमारे अर्धा टक्का, छिद्र पडलेले आढळले होते. पहिल्या प्रकारातले बरेचसे खळगे काही न करता भरून येतात, आणि हे सांगितले नाही तर त्या रात्रीच्या डॉक्टरांवर अन्याय होईल. मध्यरात्री, रक्तदाब घसरत असलेल्या माणसाची बंद धमनी उघडणे हे पहिले काम होते आणि ते त्यांनी केले. रुग्ण आज आहे तो त्यामुळेच. अर्धवट उघडलेला स्टेंट तसाच सोडला असता तर त्यात गुठळी होण्याचा धोका होता, म्हणजे जास्त दाबाचा बलून वापरण्यालाही कारण होते. राहून गेली ती सुटीच्या कार्डावरची एक ओळ, की स्टेंटबाहेर खळगा दिसला होता आणि काही आठवड्यांनी सीटी अँजिओग्राफी करून घ्यावी.

कोणत्या गटात घालावे

स्टेंटनंतर कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा) अॅन्युरिझम होण्याचे प्रमाण निरनिराळ्या मालिकांमध्ये ०.३ ते ६ टक्के इतके वेगवेगळे दिले जाते. व्याख्या, पुन्हा अँजिओग्राफी कोणाची केली आणि केव्हा केली यावर ते बदलते. स्टेंटशी संबंध नसलेले फुगवटे त्याहून जुने व ओळखीचे आहेत: १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘कॅस’ नोंदवहीत २०,०८७ रुग्णांपैकी ४.९ टक्के जणांच्या धमन्यांत ते आढळले होते, आणि प्रौढांत त्यांचे मुख्य कारण धमनीकाठिण्य असते.

स्टेंटनंतरच्या फुगवट्यांचे गट पाडण्याची जी पद्धत आओकी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुचवली, ती आज सर्वाधिक वापरली जाते. पहिल्या गटात चार आठवड्यांच्या आत सापडणारे, वेगाने वाढणारे, बहुधा खोटे फुगवटे येतात व त्यांचे मूळ धमनीला झालेल्या इजेत असते. दुसऱ्या गटात उशिरा, साधारण सहा महिन्यांनंतर, पुन्हा त्रास झाला म्हणून किंवा ठरलेल्या फेरतपासणीत सापडणारे फुगवटे असतात. तिसरा गट जंतुसंसर्गाचा. त्यात ताप येतो, रक्तात जंतू सापडतात आणि रुग्ण लवकर हाताबाहेर जातो.

ही विभागणी उपयोगाची आहे, पण तिच्यात एक खोच आहे आणि या प्रकरणात ती उघडी पडली. गट ठरतो तो फुगवटा सापडला त्या तारखेवरून, आणि आजार चालतो तो फुगवटा सुरू झाला त्या तारखेवरून. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कोणीच धमनीत डोकावले नव्हते, त्यामुळे केवळ तारीख पाहिली असती तर हा रुग्ण दुसऱ्या गटाच्या उंबरठ्यावर उभा राहिला असता आणि ‘उशिरा आढळलेला, शांत’ असे लेबल लागून गोळ्यांवर सोडला गेला असता. सीडीतील खळगा, तुटलेला मधला थर आणि कॅल्शियमच्या कडेवरचे तोंड या तिन्ही गोष्टी एकाच रात्रीकडे बोट दाखवत होत्या. हा पहिल्या गटातलाच फुगवटा होता. तो उशिरा सापडला, एवढेच. आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की पाच महिने न फुटता राहिलेल्या पिशवीने आपली मजबुती सिद्धच केली आहे. मला तो युक्तिवाद पटला नाही, कारण त्या पाच महिन्यांत ती वाढत होती की स्थिर होती, हे सांगणारे एकही मोजमाप कोणाकडे नव्हते.

बाकीची दोन कारणे तपासून बाजूला ठेवणे आवश्यक होते. संसर्गासाठी सीआरपी, ईएसआर आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या रक्ताच्या तीन कल्चर तपासण्या केल्या. सर्व निर्दोष आल्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा जंतू स्टेंटला चिकटला असता तर पाच महिने इतक्या शांततेत गेले नसते.

दुसरी शक्यता स्टेंटवरील पॉलिमरची किंवा धातूची अॅलर्जी ही होती. २००२-०३ च्या सुमारास सिरोलिमस औषधाचे पहिले स्टेंट बाजारात आले तेव्हा औषध काही आठवड्यांत झिरपून जाई, पण ते धरून ठेवणारा पॉलिमर कायमचा भिंतीला चिकटून राही. पॅथॉलॉजिस्ट रेणू विरमाणी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असा एक रुग्ण नोंदवला. ५८ वर्षांच्या या माणसाचा स्टेंटनंतर १८ महिन्यांनी गुठळीने मृत्यू झाला होता. शवविच्छेदनात स्टेंटभोवतीची धमनी फुगलेली आणि तिच्या भिंतीत इओसिनोफिल (अॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) व लिम्फोसाइट पेशींची दाटी आढळली. त्यानंतरच्या पिढ्यांमधील स्टेंटच्या तारा पातळ आणि पॉलिमर अधिक सौम्य झाले आहेत, त्यामुळे अशी प्रतिक्रिया विरळ झाली आहे. आमच्या रुग्णाच्या रक्तातील इओसिनोफिल सामान्य होते, परंतु प्रतिक्रिया भिंतीपुरतीच असेल तर रक्तात ती दिसेलच असे नाही. म्हणून या शक्यतेवर पूर्ण फुली मारता येत नव्हती. शिवाय औषधलेपित स्टेंटमधील औषध पेशींची वाढ रोखते, ते त्याचे कामच आहे. फाटलेली भिंत भरून येण्यासाठी ज्या पेशी वाढायला हव्यात त्यांनाही ते रोखते, आणि इथे मूळ इजेला या गोष्टीची साथ मिळाली असणार.

एप्रिलमधील निर्णय

खालच्या काठाचा अरुंदपणा आधी सोडवणे भाग होते, कारण त्रास त्याचा होता. तिथे दुसरा स्टेंट न घालता औषधलेपित बलून कमी दाबाने फुगवून धमनी मोकळी केली. तो भाग पिशवीपासून पुरेसा दूर होता. अंजायना थांबली.

उरली पिशवी. पातळ पडद्याने मढवलेला स्टेंट आतून बसवून तिचे तोंड बंद करणे हा सर्वांत झटपट मार्ग होता. अशा स्टेंटमध्ये धातूच्या जाळीवर पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन किंवा पॉलियुरेथेनचा पडदा असतो आणि धमनी फाटून रक्त बाहेर येत असेल तेव्हा तो जीव वाचवतो. पण पडद्याला फांदी आणि भोक यांतला फरक कळत नाही. पिशवीच्या तोंडाशी असलेली डायगोनल फांदी त्याच क्षणी बंद झाली असती आणि आधीच ४५ टक्क्यांवर आलेल्या हृदयाचा आणखी एक तुकडा गेला असता. त्यात मधुमेह, आधीच्या स्टेंटच्या आत दुसरा जाड थर, आणि मढवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी व अरुंदपणाचे प्रमाण साध्या औषधलेपित स्टेंटपेक्षा जास्त असते ही माहिती. स्टेंटच्या जाळीतून पिशवीत कॉइल (धातूच्या तारेची बारीक वेटोळी) भरण्याचीही सूचना आली. पण तोंड रुंद असल्याने कॉइल बाहेर सरकून मुख्य धमनीत येण्याची भीती होती. शस्त्रक्रिया हा पर्याय कागदावर स्वच्छ होता, तरी झटक्याला जेमतेम पाच महिने झालेल्या आणि आता त्रास नसलेल्या माणसाची छाती उघडावी इतकी घाई आहे का, याचे उत्तर हृदयशल्यविशारदांनीच ‘अजून नाही’ असे दिले.

म्हणून थांबायचे ठरले, पण मोजत थांबायचे. आठवड्याभरात क्रिएटिनिन पुन्हा तपासून सीटी अँजिओग्राफी करण्यात आली. अँजिओग्राफीत ९ मिलिमीटरचा आकडा हाती असताना पुन्हा सीटी कशासाठी, असा प्रश्न नातेवाइकांनी विचारला आणि तो रास्त होता. अँजिओग्राफीने मोजलेली पोकळी आणि सीटीने मोजलेली बाहेरची मर्यादा यांची तुलना करता येत नाही. एप्रिलची सीटी नसती तर जुलैच्या सीटीत दिसलेली प्रत्येक वाढ वादग्रस्त ठरली असती. त्या सीटीत पिशवी बाहेरून बाहेरपर्यंत १० बाय ८ मिलिमीटर भरली. अॅस्पिरिन आणि टिकाग्रेलोर दोन्ही चालू ठेवले. संथ फिरणाऱ्या रक्तात गुठळी होते आणि तिचा तुकडा सुटला तर खालची धमनी बंद पडते. फुटण्याच्या धोक्याइतकाच, बहुधा त्याहून मोठा, धोका हा असतो. रक्तदाब १३० च्या खाली ठेवण्यावरही भर दिला, कारण भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या या दोन्हींसोबत वाढतो आणि पिशवीची त्रिज्या आमच्या हातात नव्हती.

जुलैमधील वाढ आणि शस्त्रक्रिया

जुलैच्या मध्यात त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने सीटी झाली. पिशवी १४ बाय ११ मिलिमीटर झाली होती आणि तिच्या तळाशी गुठळीची कोर दिसत होती. रुग्णाला कसलाही त्रास नव्हता; तो कामावर जात होता आणि शस्त्रक्रियेचे नाव काढताच त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, दुखत नाही तं कापायचं कायले?” तीन महिन्यांत चार मिलिमीटर हे उत्तर त्याला एका बैठकीत पटले नाही. दोन्ही सीटींची चित्रे शेजारी लावून मुलगी आणि जावयासमोर दाखवली तेव्हा पटले.

इथून पुढची अडचण गोळ्यांची होती. टिकाग्रेलोर चालू असताना बायपास केल्यास रक्तस्राव आवरत नाही, आणि ते थांबवावे तर आठ महिन्यांचा स्टेंट व गुठळी असलेली पिशवी काही दिवस एकट्या अॅस्पिरिनच्या भरवशावर राहतात. हे दिवस घरी काढणे आम्हाला मान्य नव्हते. रुग्णाला दाखल करून टिकाग्रेलोर पाच दिवस बंद ठेवले, अॅस्पिरिन चालू ठेवले, रोज ईसीजी काढला.

धडधडत्या हृदयावर बायपास करणे ही भारतात रुळलेली पद्धत आहे, परंतु इथे पिशवी उघडायची असल्याने हार्ट-लंग मशीनवर हृदय थांबवून शस्त्रक्रिया करण्यात आली. एलएडीची मोठी पहिली सेप्टल (हृदयाच्या मधल्या पडद्याला रक्त देणारी) फांदी स्टेंटच्या वरच निघत होती, ही रुग्णाच्या नशिबाची बाजू. त्यामुळे त्या फांदीच्या लगेच खाली एक आणि स्टेंटच्या पलीकडे एक असे दोन टाके घेऊन स्टेंटचा संपूर्ण भाग प्रवाहातून वगळता आला. छातीच्या आतील डावी मॅमरी धमनी खालच्या एलएडीला जोडली; डायगोनल फांदीचे मूळ बांधून तिला पायाची शीर जोडली. वरून टाका न घेता नुसता बायपास केला असता तर एकीकडे पिशवीला रक्त मिळत राहिले असते आणि दुसरीकडे उघड्या एलएडीतील प्रवाहाशी झुंजत नवी जोडलेली मॅमरी धमनी हळूहळू बारीक होत गेली असती.

पिशवी उघडल्यावर आत जुनी, थरांची, फिक्कट तपकिरी गुठळी निघाली. ती काढल्यावर स्टेंटच्या तीन-चार तारा उघड्यावर दिसत होत्या, स्वच्छ, पेशींचे आवरण न चढलेल्या. भिंत एखाद-दुसऱ्या ठिकाणी इतकी पातळ होती की खालच्या उपकरणाची चकाकी तिच्यातून दिसत होती. शल्यविशारदांनी भिंतीचा तुकडा पॅथॉलॉजीला आणि दुसरा कल्चरला पाठवला, आतून येणाऱ्या लहान फांद्यांचे रक्त टाक्यांनी थांबवले आणि पिशवी मिटवली.

पॅथॉलॉजीच्या अहवालात आतला आणि मधला थर आढळला नाही; तंतुमय ऊती, जुनी गुठळी आणि थोड्या लिम्फोसाइट पेशी होत्या. इओसिनोफिल नव्हते. कल्चरमध्ये काही वाढले नाही. एप्रिलमध्ये अर्धवट राहिलेली अॅलर्जीवरची फुली आता पूर्ण झाली आणि यांत्रिक इजा हे एकच कारण शिल्लक राहिले.

या निकालावर बैठकीत पुन्हा चर्चा झाली, कारण एप्रिलमध्येच शस्त्रक्रिया करायला हवी होती असा सूर काहींनी लावला. भिंत इतकी पातळ होती हे जुलैत, ती हातात घेतल्यावर, कळले. एप्रिलच्या कोणत्याही चित्रात तिची जाडी मोजता आली नसती. दहा मिलिमीटरच्या, त्रास न देणाऱ्या खोट्या फुगवट्यासाठी प्रत्येकाची छाती उघडायची तर ज्यांचे फुगवटे वाढणारच नव्हते अशांनाही ती जोखीम सोसावी लागेल. तीन महिन्यांची मुदत मात्र मला आज लांब वाटते. सुरुवात कधी झाली हे सीडीवरून माहीत असताना आणि भिंत खोटी असल्याचे अल्ट्रासाऊंडने सांगितलेले असताना दुसरी सीटी सहा आठवड्यांनी ठेवणे अधिक समर्थनीय ठरेल, आणि विभागात आता पहिल्या गटातील फुगवट्यांसाठी तसेच ठरवले आहे, मग ते कोणत्याही महिन्यात सापडलेले असोत.

याच चर्चेतून दुसरी एक गोष्ट रुळली. कॅल्शियम जास्त दिसत असेल तर स्टेंट घालण्यापूर्वीच ते रोटाब्लेशनने घासून किंवा इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सीने तडकवून घेतले की नंतर मोठ्या बलूनवर मोठा दाब देण्याची वेळ सहसा येत नाही. झटक्याच्या रात्री हे नेहमी शक्य नसते, आणि अल्ट्रासाऊंडचा कॅथेटर महाग असल्याने तो प्रत्येकाला वापरला जात नाही, हेही खरे. पण जिथे बलून स्टेंटहून मोठा व दाब वीस अॅटमॉस्फिअरच्या वर वापरला गेला आहे तिथे शेवटचे चित्र एकाच कोनातून घेऊन प्रक्रिया संपवू नये, यासाठी खर्च लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे

रुग्ण आठव्या दिवशी घरी गेला. जखम भरताना मधुमेहामुळे छातीच्या खालच्या टोकाशी थोडा स्राव आला. ड्रेसिंग आणि इन्सुलिनवर तो थांबला. टिकाग्रेलोर पुन्हा सुरू केले होते, कारण नोव्हेंबरच्या झटक्याला वर्ष पूर्ण व्हायचे होते आणि शिरेचा नवा जोडही होता. ऑक्टोबरच्या सीटीत दोन्ही जोड मोकळे, पिशवीच्या जागी रक्ताचा प्रवाह नाही, आणि स्टेंटची जाळी बंद भागात स्थिर दिसली. इकोमध्ये पंपिंग ४८ टक्के होते. नोव्हेंबरअखेर टिकाग्रेलोर बंद करून अॅस्पिरिन, स्टॅटिन, मेटोप्रोलोल आणि मधुमेहाची औषधे कायम ठेवली. एचबीए१सी ७.१ वर आले आहे. खर्रा पूर्ण सुटला असे रुग्ण सांगतात. त्यांच्या पत्नीच्या मते तो कमी झाला आहे, आणि केस पेपरवर दुसरे विधान लिहिलेले आहे.